गिरणीची घंटा

किस्से साठतात कसे, हे मला आमच्या दुकानातल्या काउंटरखालच्या खोक्यानं दाखवलं. जळलेला ट्रान्सफॉर्मर आला, टाका खोक्यात. फुगलेला कंडेन्सर आला, टाका खोक्यात. ‘उद्या फेकून देऊ’ असं रोज म्हणायचो. एक दिवस बघतो तर खोकं हलेना! किश्शांचंही तसंच झालं. फरक एवढाच की भंगारवाला खोकं घेऊन गेला, किस्से माझ्याकडेच राहिले.

आमचं दुकान कर्जतच्या बाजारात होतं. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं. मालक मधुकाका, ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळणारा बबन, आणि घरोघरी जाऊन शिव्या खाणारा मी. मधुकाका माझे सख्खे काका नव्हेत, अख्ख्या बाजाराचे काका. पण दुरुस्तीपेक्षा आमचं नाव झालं होतं ते आम्ही बनवत असलेल्या बूस्टरमुळे.

बूस्टर म्हणजे लोखंडी डबा. त्याला एक काटा आणि एक बटण. बटणाला सात खटके. त्या काळी आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडायचं की बल्ब पेटत्या विडीसारखा नुसता लाल दिसायचा. टीव्हीवरचं चित्र आखडून पोस्टकार्डाएवढं व्हायचं. मग बटण एकेक खटका वर न्यायचं, की चित्र पडदाभर पसरायचं. गोम एकच होती. बटण सातवर असताना बाहेरचं व्होल्टेज अचानक परत आलं, की सगळा जोर टीव्हीत. फट्! म्हणून कुणीतरी डब्याजवळ बसून काट्यावर नजर ठेवायची आणि काटा चढला की बटण खाली आणायचं.

काका म्हणायचे, “एक वेळ माणूस करपेल, पण आमच्या बूस्टरवरचा टीव्ही करपायचा नाही!”

हे किस्से सांगितले की लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण माझे कान गरम होतात, ते कुणाला दिसत नाहीत म्हणून बरं.

* * *

पहिल्या बूस्टरचा डेमो काकांनी बाजाराच्या दिवशी दुकानासमोर ठेवला. टेबलावर टीव्ही, शेजारी नवा कोरा डबा, डब्याला हळदकुंकू. माणूस हा एवढा जमला! भाजीवाल्यांनी पाट्या सोडल्या, टांगेवाले टांग्यावर उभे राहिले.

काकांनी बटण सातवर नेलं. चित्र पडदाभर झालं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की काकांचं भाषण सुरू होतं, हे आम्हाला माहीत होतं. ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि डब्याकडे पाठ.

“मंडळी, विजेचा भरवसा नाही. ती कधी कमी, कधी जास्त. जास्त झाली की तुमच्या हजारोंच्या वस्तूची राख! अशा वेळी तुमचं रक्षण कोण करणार?”

मागं काटा चढत होता. मी “काका, काका” करत होतो. काकांना वाटलं, मी वाहवा करतोय.

फट्! टीव्हीच्या मागून धूर निघाला. मी जमिनीकडे बघत उभा.

पुढच्या रांगेत टोपी घातलेले एक म्हातारबाबा होते. ते वाकले, डब्याला हात लावून बघितला आणि म्हणाले, “काका, टीवी गेला. पन तुमचा डबा शाबूत हाय बगा! टीवीनं वाचवला त्याला!”

लाज वाटावी अशी गोष्ट तर पुढंच आहे. त्या दिवशी आमचे तीन बूस्टर खपले. “डबा मजबूत हाय” म्हणून!

* * *

कळंबच्या हसूरामशेठचा टेपरेकॉर्डर जळून आला. दुसऱ्यांदा. मी म्हटलं, घरचं वायरिंगच बघून येऊ. गेलो. फ्यूज उघडला तर तारेच्या जागी खिळा! चांगला दारं ठोकायचा खिळा.

मी तिथल्या तिथं लेक्चर दिलं. “शेठ, फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. जादा वीज आली की ती आधी मरते आणि तुमची वस्तू वाचते.”

हसूरामशेठनं शांतपणे ऐकून घेतलं. “तुमची तार दर आठवड्याला मरती रं बाबा. मी किती वेळा सुतक पाळू? ह्यो खिळा गेल्या साली घातलाय, अजून जिता हाय.”

मी खिळा काढला, तार घातली आणि त्यांना शपथ घातली. चार दिवसांनी शेठ टेप न्यायला दुकानात आले. नेमके दिवे गेले. नेमकं आमचंच मेन बोर्ड बबननं त्यांच्यादेखत उघडलं. फ्यूजच्या जागी तांब्याची पट्टी! काकांनी घातलेली. त्यांना दर आठवड्याला स्टुलावर चढायचा कंटाळा आला होता.

शेठनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुमचा खिळा भारीतला दिसतोय,” म्हणाले आणि टेप घेऊन गेले.

* * *

खालापूरला एक रिटायर तलाठीभाऊ होते. टीव्ही आणि बूस्टर दोन्ही त्यांनी आमच्याच दुकानातून नेले होते. तक्रार कधीच नाही. एकदा त्या बाजूला गेलो होतो, म्हटलं चौकशी करू.

टीव्ही बैठकीत होता. वर मखमली झूल, झुलीवर फुलदाणी, पुढ्यात रांगोळी.

“कसा चाललाय?”

“उत्तम! आणल्यापासून एकदाही बिघडला नाही.”

“वा! किती वेळ लावता रोज?”

भाऊ माझ्याकडे येड्याकडे बघावं तसं बघायला लागले. “लावायचा कशाला? ‘लावलात तर एक माणूस डब्यापाशी बसवा, नाहीतर जळेल,’ असं तुमचे काकाच म्हणाले. आमच्या घरात माणसं दोन. मी आणि ही. बसायचं कुणी आणि बघायचं कुणी?”

परत येताना मला प्रथमच वाटलं, आपण विकतोय ते नक्की काय?

* * *

पण बहुतेक घरांत माणसं दोनापेक्षा जास्त असत आणि ‘बसायचं कुणी’ हा प्रश्न चटकन सुटायचा. काका बूस्टर देताना गिऱ्हाइकाला सांगायचेच, “घरातलं एक माणूस काट्यावर बसवा. शक्यतो बाईमाणूस. त्यांचं लक्ष चांगलं असतं.” मीही मागून मान डोलवायचो. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

ते किती दूर पोहोचलं, हे एका मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात कळलं. मुलगी आमच्या ओळखीतली, भिसेगावची. मुलाकडची मंडळी खोपोलीहून आलेली, घरात टीव्ही असलेली. काका मध्यस्थ. मी पोह्यांसाठी.

स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, सगळं झालं. मग मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला. “काटा बघायची सवय आहे का?”

मुलीची आई गडबडली. मुलगी मात्र शांत. “आहे ना. आमच्याकडे मीच बघते. इतकी वर्षं टीव्हीचा नुसता आवाज ऐकलाय. म्हणून ठरवलंय, लग्नानंतर मी टीव्ही बघणार. काटा बघायला तुमच्याकडे कोण आहे?”

आणि सरळ मुलाकडे बघितलं!

मुलगा लाजला आणि हो म्हणाला. लग्न झालं. पुढं मी त्यांच्याकडे बूस्टर दुरुस्तीला गेलो तेव्हा तो डब्याजवळ पाटावर बसून होता, भिंतीकडे तोंड करून. मला म्हणाला, “हिरो मेला का हो?”

* * *

आता गिरणी. भिसेगावात, काकांच्या घराच्या आळीत, एक भाताची गिरणी होती. दिवाळीनंतर भात भरडायचा हंगाम सुरू झाला की ती दिवसभर चालायची, रविवारीसुद्धा. तिची मोटर चालू असली की आळीतलं व्होल्टेज पाताळात. मोटर बंद केली की एका झटक्यात आकाशात. आणि ती नेमकी बंद व्हायची रविवारी संध्याकाळी, टीव्हीवर सिनेमा रंगात आला की. एकाच हंगामात आळीतले चार टीव्ही गेले. त्यातला एक खुद्द गिरणीवाल्या शेटजींचा! स्वतःच मोटर बंद करायला सांगून घरी आले, तर घरात धूर.

काकांनी तोड काढली. गिरणीच्या दारात रेल्वेच्या जुन्या रुळाचा एक तुकडा टांगला. मोटर बंद करण्याआधी तो लोखंडी कांबीनं बडवायचा. घंटा ऐकली की आळीतल्या प्रत्येक घरानं बटण एकवर आणायचं. मग मोटर बंद. झकास चाललं! ठाण् ठाण् ठाण् झालं की घराघरांतून कट कट कट कट बटणं उतरायची. त्या हंगामानंतर आळीत एकही टीव्ही जळला नाही. काकांना लोक रस्त्यात थांबवून हात जोडायचे.

घंटा द्यायची चांगुणाबाई. गिरणीत झाडलोट करायची, कोंडा भरायची. एकटी बाई, गिरणीमागच्या खोपटात एका म्हशीबरोबर राहायची. यंत्रात वरून ओतलेलं भात संपत आलं की तिला आवाजावरून कळायचं आणि ती कांब उचलायची. एकदाही चुकली नाही.

एकदा मी गिरणीवरून जात होतो, तर तिनं हाक मारली. “आरं ये दादा, ह्यी घंटा मी कशाला देते रं?”

“टीव्ही जळू नये म्हणून, मावशी.”

“त्यात काय दिसतं?”

“माणसं दिसतात. चालतात, बोलतात, गातात.”

“कुनाची मानसं?”

मला घाई होती. म्हटलं, “सांगतो नंतर.” नंतर काही सांगितलं नाही.

* * *

पुढचा किस्सा आळीतले लोक अजून सांगत नाहीत. मी सांगतो.

रविवार होता. काकांकडे आम्ही सगळे सिनेमा बघत होतो. काकू काट्यावर. सिनेमा अर्ध्यावर आला आणि गिरणीची घंटा झाली. काकूंनी कट कट कट बटण उतरवलं. चित्र आखडलं. आम्ही थांबलो. मोटर काही बंद झाली नाही. पुन्हा घंटा. जोरात. काकू म्हणाल्या, “उतरवलंय हो बाई, किती बडवता!”

घंटा थांबेचना. शेजारचे एकजण ओट्यावर येऊन ओरडले, “चांगुणाबाई, ऐकू आलं!” समोरून दुसरे ओरडले, “आमचंही खाली आहे!” आळीतल्या प्रत्येक घरानं आपापलं बटण एकवर असल्याची खातरी केली आणि पोस्टकार्डाएवढा झालेला सिनेमा डोळे ताणून बघत बसलं.

बऱ्याच वेळानं घंटा थांबली. मग जळका वास आला. काका ताडकन उठले, आधी बूस्टर हुंगला, मग टीव्ही हुंगला. दोन्ही ठीक.

गिरणीमागं पेंढ्याची गंजी जळून गेली होती. चांगुणाबाईच्या म्हशीचा वर्षाचा चारा. म्हैस सोडून, खोपटावर पाणी मारून, पुन्हा पुन्हा दाराशी येऊन ती घंटा बडवत राहिली होती. गिरणीत मोटर चालवणारा रघू तेवढा मदतीला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे झालेले.

तिला राग आला नव्हता, हे सगळ्यात वाईट. ती खरंच बुचकळ्यात पडली होती. “येवडी बडवली, येवडी बडवली,” ती म्हणाली, “कुनी आला कसा नाय?”

आळीतले सगळे पुरुष उभे होते. शेवटी काकांच्या तोंडून निघून गेलं, “आम्ही बटणं खाली केली की हो.”

आयुष्यात मी बऱ्याच वेळा तोंडघशी पडलो आहे. पण त्या संध्याकाळइतकं भुईनं पोटात घ्यावं असं कधी वाटलं नाही.

* * *

आळीनं पेंढा जमवून दिला, त्यात विशेष काही नाही, द्यायलाच हवा होता. काका मात्र अस्वस्थ होते. तिच्याकडे गेले, मला बरोबर घेऊन. “बाई, आणखी काही हवं असेल तर सांगा. संकोच करू नका.”

चांगुणाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, “काय नको काका. येकदा त्यात काय दिसतं ते बगू द्या.”

बस्स, एवढंच! काका लगेच “हो” म्हणाले. आणि घरी येता येता आमच्या दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. सिनेमा रविवारी. घंटा रविवारी. ती बघायला बसली तर घंटा देणार कोण? रघू मोटरीपाशी, आणि त्याला भाताच्या आवाजातलं काही कळत नसे. हंगाम संपल्यावर बोलवू, असं ठरलं. हंगाम संपला तर ती माहेरी गेली. आली तर काकांकडे लग्न. पुन्हा हंगाम.

ती कधी मागं लागली नाही. रस्त्यात दिसली की नुसतं विचारायची, “काका, या रविवारी?” काका म्हणायचे, “या नाही, पुढच्या.” हळूहळू काका गिरणीवरून जायचं टाळायला लागले. बाजारात यायला लांबचा वळसा घ्यायचे. मीही.

शेवटी काकांनी हट्टानं एक यंत्र बनवायला घेतलं. ऑटोमॅटिक कट-ऑफ. व्होल्टेज वाढलं की खटका आपोआप पडणार आणि टीव्ही बंद. माणूस नको, घंटा नको. बबननं किती वेळा तार गुंडाळली आणि सोडली, त्याची गणती नाही. दुकानात आम्ही जाणूनबुजून व्होल्टेज चढवायचो आणि खटका पडायचा. ठक्! दर वेळी ठक्! काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला वाटलं, धंद्याचा आनंद असेल. ते म्हणाले, “चला, बाईला बोलवता येईल.”

* * *

त्या रविवारी काकांचं घर भरलं होतं. चांगुणाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली, पाय धुऊन आत आली आणि जमिनीवर बसायला लागली. काकूंनी तिला हाताला धरून पुढं, अगदी टीव्हीसमोर पाटावर बसवलं. काकूसुद्धा शेजारी बसल्या. त्यांनीही इतक्या वर्षांत सिनेमा समोरून बघितला नव्हता. डब्याजवळची जागा रिकामी होती. बघायला चमत्कारिक वाटत होतं.

चांगुणाबाईनं मागं वळून विचारलं, “काका, मंग घंटा?”

काका उभे राहिले. भाषणाला उभे राहतात तसेच. “घंटेचे दिवस संपले, बाई! आता आपलं यंत्र आहे. रघूला सांगून ठेवलंय, घंटा दिली नाही तरी चालेल. तुम्ही निवांत बघा.”

यंत्र फक्त काकांच्या घरात होतं. बाकीच्या आळीत अजून बटणंच होती आणि त्यांचे कान घंटेकडे होते. हे तिथं बसलेल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. मलाही नाही.

सिनेमा सुरू झाला. चांगुणाबाई आधी घाबरली, मग पुढं सरकली. एक बाई विहिरीवर पाणी भरत होती. चांगुणाबाईनं तिला बारकाईनं बघितलं. “ही खरीच हाय गं,” काकूंना म्हणाली. “तिची घागर गळतीय, कुनी सांगा तिला.” आम्ही हसलो. मग त्या बाईनं गाणं सुरू केलं आणि चांगुणाबाई गप्प झाली. हनुवटीवर हात ठेवून, डोळे मोठे करून बघत राहिली. काका पडद्याकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. मला त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी जरा सैल झाल्यासारखं दिसलं.

लांब कुठंतरी गिरणीचा आवाज उतरत गेला आणि थांबला.

दिवे भसकन पांढरे झाले. मी यंत्राकडे बघितलं. काकांनी यंत्राकडे बघितलं. बबननं तर हात जोडले. खटका पडलाच नाही.

फट्!

विहीर गेली, बाई गेली, गाणं गेलं. टीव्हीच्या मागून धूर यायला लागला. मग शेजारच्या घरातून फट्. समोरून फट्. आळीच्या टोकापर्यंत फट् फट् फट् गेलं, आणि मागोमाग लोकांच्या बोंबा.

काका खाली बसले. आमच्यापैकी कुणाचीही चांगुणाबाईकडे बघायची हिंमत होईना.

ती मात्र केव्हाच उठली होती. “बसा बसा, तुमी उटू नका,” म्हणत ती दारातून बाहेर पडली आणि पदर खोचून आळीतून धावत सुटली. थोड्या वेळानं घंटा ऐकू आली. ठाण्, ठाण्, ठाण्. नेहमीसारखी, ना कमी ना जास्त. आणि सवयच ती! घराघरांतून बटणं उतरल्याचा आवाज आला. कट कट कट कट.

चांगुणाबाई धापा टाकत परत आली. पाय धुतले. धुरातून वाट काढत पुन्हा त्याच पाटावर येऊन बसली, पदर सारखा केला, आणि काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत म्हणाली,

“दिली घंटा. आता लावा.”